ई-रीडरवर ग्रंथालयाचं पुस्तक: नावावर घेण्यापासून परत करण्यापर्यंत

ग्रंथालयाचं कार्ड आहे, ई-रीडर आहे, वाचायचं पुस्तकही ठरलंय, आणि तरीही ते पुस्तक पडद्यावर येत नाही. ही तक्रार माझ्याकडे इतक्या जणांनी केली आहे की बिघाड कुठे असणार हे आता ऐकता ऐकताच लक्षात येतं. बहुतेक वेळा यंत्रात काहीच खराब नसतं, पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. पुस्तक तुमच्या नावावर चढतं ते ग्रंथालयाच्या नोंदवहीत. ई-रीडरवर उतरते ती फक्त एक फाइल. नोंद आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या दोन्ही एकच समजल्यामुळे होतात.

## १. आधी यंत्र बघा, मग वाट ठरवा

लोक पुस्तक शोधण्यापासून सुरुवात करतात. सुरुवात यंत्रापासून करायला हवी, कारण कुठल्या वाटेने जायचं हे ई-रीडरचा प्रकार ठरवतो.

कोबोच्या बहुतेक नव्या ई-रीडरमध्ये ओव्हरड्राइव्ह ही सेवा आतच बसवलेली असते. ओव्हरड्राइव्ह म्हणजे ग्रंथालयांना ई-पुस्तकं पुरवणारी मधली यंत्रणा. फोनवरचं लिबी हे ॲपही तिचंच आहे. तुमचं ग्रंथालय ओव्हरड्राइव्ह वापरत असेल, तर कोबोवर केबल किंवा संगणक लागत नाही.

किंडलवर ग्रंथालयाचं पुस्तक लिबीमार्फत येऊ शकतं, पण फक्त अमेरिकेतल्या ग्रंथालयांचं. ग्रंथालय दुसऱ्या कुठल्याही देशातलं असेल, तर लिबीत किंडलचा पर्याय दिसणारच नाही. तो कुठे लपलाय म्हणून सेटिंग्ज धुंडाळण्यात संध्याकाळ घालवू नका.

पॉकेटबुक, जुने कोबो आणि इपब (ई-पुस्तकांचा एक फाइल-प्रकार) वाचणारे इतर बरेच ई-रीडर अडोबीच्या कुलूपबंद फाइलच्या, म्हणजे ठरावीक खात्यावर आणि मुदतीतच उघडणाऱ्या फाइलच्या, वाटेने जातात. ही केबलची वाट सगळ्यात लांबची, आणि सर्वांत जास्त चुका हिच्यावरच होतात. ओनिक्स बूक्ससारख्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरवर थेट लिबी ॲप टाकता येतं. तिथे काम फोनइतकंच सोपं आहे.

तपासा: ई-रीडरच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस इन्फर्मेशन' उघडून मॉडेलचं नाव नीट वाचा. 'कोबो आहे' एवढं कळून भागत नाही. अगदी सुरुवातीच्या कोबो टच, मिनी आणि ग्लो या मॉडेलांमध्ये ओव्हरड्राइव्ह नाही. त्यांना केबलचीच वाट धरावी लागते.

## २. पूर्वतयारी

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण वगळू नका.

ग्रंथालयाचं कार्ड चालू आहे का ते आधी बघा. सभासदत्वाची मुदत संपलेली असली, तरी बऱ्याच वेळा यादी दिसते, शोध चालतो, आणि पुस्तक नावावर घेताना मात्र नकार मिळतो. वाचकाला वाटतं ॲप बिघडलं. कार्ड क्रमांक आणि पिन आधी ग्रंथालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तिथे प्रवेश मिळाला, तरच पुढे जा.

मग ई-रीडरची स्वतःची खाती. कोबोसाठी कोबोचं, किंडलसाठी ॲमेझॉनचं, केबलच्या वाटेसाठी अडोबी आयडी. प्रत्येक खात्याचा ईमेल आणि पासवर्ड एका कागदावर लिहून समोर ठेवा. घरात दोघांची मिळून तीन खाती असली, की कुठलं यंत्र कुठल्या खात्यावर आहे याचा गोंधळ हमखास होतो. तो कागद काम संपेपर्यंत समोरून हलवू नका.

ई-रीडर वाय-फायला जोडा, सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या आणि तारीख-वेळ बघा. हे मी मुद्दाम लिहिलंय, कारण महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडून बॅटरी संपलेल्या ई-रीडरचं घड्याळ भलत्याच तारखेवर जातं. कुलूपबंद फाइल उघडताना मुदत याच घड्याळावरून मोजली जाते. तारीख चुकली, की कालच घेतलेलं पुस्तक 'मुदत संपली' म्हणून उघडत नाही.

केबलच्या वाटेने जायचं असेल, तर केबल डेटा वाहून नेणारी आहे याची खात्री करा. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. ई-रीडर जोडल्यावर संगणकावर तो ड्राइव्हसारखा दिसला तर केबल बरोबर. नुसतं बॅटरीचं चिन्ह हललं, तर दुसरी केबल घ्या.

## ३. कोबोवर थेट

सेटिंग्ज, मग 'अकाउंट्स', तिथे ओव्हरड्राइव्ह. देश निवडा, ग्रंथालय निवडा, कार्ड क्रमांक आणि पिन टाका. ग्रंथालयांच्या यादीत एकसारखी नावं असतात, तेव्हा घाई नको. शेजारच्या गावाचं ग्रंथालय निवडलं गेलं, तर बरोबर पिनही चुकीचा ठरतो.

जोडणी झाली, की पुस्तक शोधून त्याचं तपशिलाचं पान उघडा. तिथे विकत घेण्याच्या बटणाशेजारच्या मेन्यूत ओव्हरड्राइव्हवरून घेण्याचा, किंवा पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर रांगेत नाव लावण्याचा पर्याय असतो. विकत घेण्याचं बटण मोठं आणि ठळक, हा पर्याय लहान. बोट कुठे पडतंय इकडे लक्ष असू द्या.

माझा सल्ला वेगळा आहे. ई-रीडरच्या संथ पडद्यावर शोधत बसू नका. फोनवर लिबी उघडा, तेच कार्ड जोडा, पुस्तक तिथे नावावर घ्या, आणि मग कोबोवर 'सिंक' दाबा. पुस्तक आपोआप उतरतं. शोधायला फोन आणि वाचायला कोबो, अशी वाटणी केलेली बरी.

इशारा: या वाटेने मासिकं आणि ऑडिओबुकं येत नाहीत. लिबीत ती तुमच्या शेल्फवर, म्हणजे नावावर घेतलेल्या गोष्टींच्या यादीत, दिसतील, पण कोबोवर कितीही वेळा सिंक केलंत तरी उतरणार नाहीत. काही पुस्तकंही कोबोच्या स्वतःच्या यादीत नसल्यामुळे अशी अडकतात. अशा पुस्तकांसाठी पाचव्या पायरीतली केबलची वाट आहे.

## ४. किंडलवर

लिबीच्या शेल्फवर पुस्तकापाशी 'रीड विथ' दाबा आणि किंडल निवडा. ब्राउझरमध्ये ॲमेझॉनचं पान उघडेल. तिथे 'गेट लायब्ररी बुक' दाबून पुस्तक कुठल्या यंत्रावर पाठवायचं ते निवडायचं. हे पान उघडलं म्हणजे काम झालं असं समजून लोक ते बंद करतात. पुस्तक नावावर चढलेलं असतं, मुदत सुरू झालेली असते, पण किंडलवर काहीच आलेलं नसतं. ॲमेझॉनच्या पानावरचं ते शेवटचं बटण दाबेपर्यंत काम अर्धवटच आहे.

ॲमेझॉनचं खातं अमेरिकेतल्या संकेतस्थळाचंच लागतं, आणि तुमचा किंडलही त्याच खात्यावर नोंदलेला हवा. नंतर किंडल वाय-फायला जोडून सिंक करा. पूर्वी पुस्तक संगणकावर उतरवून केबलने टाकता यायचं. ॲमेझॉनने ती सोय 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद केली. जुन्या लेखांमध्ये ती पायरी अजूनही सापडते, ती सोडून द्या.

## ५. केबलची वाट

इथे थोडं थांबून, सावकाश.

माझ्या मावशीने एकदा मला तिच्या संगणकाच्या पडद्याचा फोटो पाठवला. ग्रंथालयातून उतरवलेली फाइल तिने ई-रीडरवर सहा वेळा कॉपी केली होती. सहाही प्रती नीट दिसत होत्या, एकही उघडत नव्हती. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एसीएसएम' होतं आणि आकार होता जेमतेम दोन किलोबाइट. दोन किलोबाइटमध्ये अख्खी कादंबरी मावत नाही. मी तिला ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायला सांगितली. आत पुस्तकाचं नाव होतं, एक मुदत होती, पत्त्यासारख्या काही ओळी होत्या आणि बाकी सगळी कोडची जंत्री. 'अरे, ही तर चिठ्ठी आहे,' ती म्हणाली. अगदी बरोबर. एसीएसएम म्हणजे पुस्तक घ्यायची चिठ्ठी. ती खिडकीवर दाखवल्याशिवाय पुस्तक हातात पडत नाही, आणि इथली खिडकी म्हणजे अडोबी डिजिटल एडिशन्स हा संगणकावरचा प्रोग्राम.

क्रम असा ठेवा:

1. अडोबी डिजिटल एडिशन्स संगणकावर टाका. फोनवर किंवा टॅबवर ही पायरी करू नका, कारण तिथून फाइल ई-रीडरवर नेता येत नाही.
2. एकही पुस्तक उघडण्याआधी 'हेल्प' मेन्यूतून 'ऑथराइझ कंप्युटर' निवडा आणि अडोबी आयडी टाका. आयडीशिवाय पुढे जाण्याची एक चौकट तिथे असते, तिला हात लावू नका. ती निवडलीत तर पुस्तक त्या संगणकालाच चिकटून राहतं, ई-रीडरवर उघडत नाही.
3. आता एसीएसएम फाइल या प्रोग्रामने उघडा. खरं पुस्तक, म्हणजे इपब किंवा पीडीएफ, तेव्हा उतरतं. संगणकावरच दोन-चार पानं उलटून बघा.
4. ई-रीडर केबलने जोडा. कोबोच्या पडद्यावर 'कनेक्ट' विचारलं जातं, त्याला हो म्हणा.
5. प्रोग्रामच्या डाव्या पट्टीत ई-रीडर दिसला, की तोही त्याच अडोबी आयडीने ऑथराइझ करा.
6. पुस्तक प्रोग्रामच्या आतूनच ओढून ई-रीडरच्या नावावर सोडा. फाइल एक्सप्लोररमधून कॉपी-पेस्ट नको.
7. ई-रीडर 'इजेक्ट' करा आणि मगच केबल काढा.

डाव्या पट्टीत ई-रीडर दिसत नसेल तर प्रोग्राम बंद करा, ई-रीडर जोडा, आणि नंतर प्रोग्राम पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

तपासा: केबल काढल्यावर पुस्तक ई-रीडरवर लगेच उघडून बघा. उद्या प्रवासात उघडू म्हणून ठेवू नका. काही चुकलं असेल तर ते सुधारायला संगणक अजून समोर आहे.

एसीएसएम फाइलीबद्दल आणखी दोन गोष्टी. ती उतरवली की लवकर वापरा, कारण तिलाही स्वतःची मुदत असते. आणि ती दुसऱ्या कुणाच्या संगणकावर 'जरा चालते का' म्हणून उघडू नका. ज्या अडोबी आयडीने ती पहिल्यांदा उघडली जाते, पुस्तक त्याच आयडीला बांधलं जातं. मग तुमच्या संगणकावर 'हे आधीच दुसऱ्याने घेतलं आहे' अशा अर्थाची चूक येते. एका अडोबी आयडीवर सहा संगणक आणि सहा ई-रीडर बसतात, त्यामुळे घरातल्या घरात एकच आयडी पुरतो. नवनवीन आयडी काढत बसलं, की हीच गाठ बसते.

पॉकेटबुकवाल्यांना संगणक टाळता येतो. ई-रीडरच्या सेटिंग्जमध्ये अडोबी आयडी टाकला आणि एसीएसएम फाइल त्यावर ठेवून उघडली, की वाय-फायवरून पुस्तक थेट तिथेच उतरतं. मावशीकडे पॉकेटबुक असता, तर तिची ती कॉपी चालून गेली असती.

काही ग्रंथालयं अडोबीऐवजी एलसीपी नावाचं कुलूप वापरतात. त्यांच्या फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एलसीपीएल' असतं. ती अडोबीच्या प्रोग्राममध्ये उघडत नाही. संगणकावर थोरियम रीडर वापरा. उघडताना सांकेतिक वाक्य विचारलं जातं, ते ग्रंथालयाने दिलेलं असतं किंवा खातं उघडताना तुम्हीच ठरवलेलं असतं. ई-रीडरला एलसीपी चालतं का, हे मात्र आधी बघून घ्या.

## ६. रांग

ई-पुस्तकाला रांग कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर परवान्यात आहे. ग्रंथालय एक परवाना घेतं, आणि त्यावर एका वेळी एकच जण वाचू शकतो. दोन परवाने असतील तर दोघं.

लिबीत तुमचा क्रमांक लागला की कळवलं जातं, आणि पुस्तक घ्यायला तीन दिवस मिळतात. पुस्तक आपोआप नावावर चढत नाही, तुम्हालाच घ्यावं लागतं. हातात आधीच दुसरं जाडजूड पुस्तक असेल, तर 'डिलिव्हर लेटर' निवडा. पुस्तक पुढच्या वाचकाकडे जातं आणि रांगेतली तुमची जागा शाबूत राहते. काहीच केलं नाहीत, तर पहिल्या खेपेला जागा सात दिवस राखली जाते, दुसऱ्या खेपेला नाव रांगेतून जातं. सूचना ज्या ईमेलवर येतात तो तुम्ही रोज बघता ना, एवढं बघून ठेवा.

आणि नुसतं चाळून बघायचं असेल, तर पुस्तक नावावर घेऊच नका. लिबीत नमुन्याची पानं वाचता येतात, ती वाचा. हे मी कळकळीने सांगतोय. बरेच परवाने दोन वर्षांनी संपतात. काही परवाने मात्र ठरावीक वेळा पुस्तक दिलं की संपतात. हार्परकॉलिन्सने 2011 मध्ये 26 वेळांची मर्यादा घातली. अशा परवान्यात तुम्ही दहा मिनिटांसाठी घेऊन परत केलेलं पुस्तकही त्या 26 मध्ये मोजलं जातं, आणि परवाना संपल्यावर ग्रंथालयाला तो नव्याने विकत घ्यावा लागतो.

## ७. मुदत आणि मुदतवाढ

किती दिवसांसाठी घ्यायचं हे पुस्तक घेण्याआधीच ठरवावं लागतं. ग्रंथालयाने परवानगी दिली असेल तर सात, चौदा किंवा एकवीस दिवस असे पर्याय येतात. घेतल्यानंतर दिवस बदलता येत नाहीत. लिबीत घेण्याच्या बटणापाशी दिवसांचा आकडा असतो, त्यावर बोट ठेवलं की बाकीचे पर्याय उघडतात. बहुतेकांना तो आकडा दाबता येतो हेच माहीत नसतं.

मुदतवाढ शेवटच्या तीन दिवसांत मागता येते, तीही मागे कुणी रांगेत नसेल तर. रांग असेल तर पुन्हा नाव लावायचं.

वाय-फाय बंद ठेवलं की मुदत वाढते, असं अनेकांना वाटतं. ते तसं नाही. किंडलवर वाय-फाय बंद असेपर्यंत फाइल जागेवर राहते, हे खरं. पण ग्रंथालयाच्या नोंदीत पुस्तक ठरल्या दिवशी तुमच्या नावावरून उतरतं. अडोबीच्या फाइलीत तर एवढाही फरक पडत नाही, तिथे ई-रीडरचं घड्याळच मुदत मोजतं.

## ८. परत करताना

मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं आणि उशिराचा दंड लागत नाही, म्हणून परत करण्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण आठ दिवसांत वाचून संपलेलं पुस्तक एकवीस दिवस तुमच्या नावावर राहिलं, तर मागचा माणूस उरलेले तेरा दिवस विनाकारण थांबतो.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ई-रीडरवरून पुस्तक डिलीट केलं म्हणजे ते परत गेलं असं नाही. फाइल जाते, नोंद तशीच राहते. नवीन पुस्तक घ्यायला जावं तर 'मर्यादा पूर्ण झाली' असं येतं, आणि ई-रीडर तर रिकामा दिसतो.

ज्या वाटेने घेतलंत त्याच वाटेने परत करा. कोबोवर पुस्तकाच्या मेन्यूतून किंवा लिबीतून. किंडलचं पुस्तक ॲमेझॉनच्या खात्यात, जिथे तुमची पुस्तकं आणि यंत्रं यांची यादी असते, तिथून. तुम्ही मारलेल्या खुणा आणि लिहिलेल्या टिपा ॲमेझॉनच्या खात्यात राहतात आणि पुस्तक पुन्हा घेतलं की परत दिसतात, त्यामुळे त्यांच्या काळजीपोटी पुस्तक अडवून ठेवू नका. अडोबीच्या वाटेचं पुस्तक त्याच संगणकावरच्या त्याच प्रोग्राममधून परत जातं: पुस्तकावर राइट क्लिक, मग 'रिटर्न बॉरोड आयटम'. ई-रीडरवरची प्रत तिच्या मुदतीला आपोआप बंद होईल.

तपासा: परत केल्यावर लिबीचं शेल्फ किंवा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचं तुमचं खातं उघडा. तिथून नाव गेलं असेल तरच पुस्तक परत गेलं.

## ९. अडलंच तर कुठून शोधायचं

सगळं पुसून ई-रीडर फॅक्टरी रीसेट करणं हा पहिला उपाय नाही. त्याने पुस्तक परत येत नाही, उलट सगळी खाती पुन्हा जोडत बसावं लागतं.

आधी ग्रंथालयाच्या खात्यात बघा, पुस्तक तुमच्या नावावर आहे का. नसेल तर यंत्राला हात लावायचं कारणच नाही, गडबड कार्डात किंवा रांगेत आहे. असेल तर मधल्या खात्याकडे या: ॲमेझॉनवर ते शेवटचं बटण दाबलं होतं का, एसीएसएम कुठल्या आयडीने उघडली. ते ठीक असेल तरच ई-रीडरवर या आणि वाय-फाय, तारीख, सिंक याच क्रमाने बघा.

अडोबीच्या प्रोग्राममध्ये आयडीचा घोळ झाला असेल, तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबा, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि डी. जुनी जोडणी सुटते, मग योग्य आयडीने पुन्हा ऑथराइझ करा. आधी चुकीच्या आयडीने उतरवलेली पुस्तकं त्यानंतर उघडणार नाहीत. ती परत करून नव्याने घ्यायची असतील, तर हे बटण दाबण्याआधीच परत करा.

ग्रंथालयात फोन करायची वेळ आली, तर तीन गोष्टी हाताशी ठेवा: ई-रीडरचं पूर्ण मॉडेल, पडद्यावर आलेली चूक जशीच्या तशी, आणि पुस्तक ग्रंथालयाच्या खात्यात तुमच्या नावावर दिसतंय की नाही. ही तिसरी माहिती सगळ्यात आधी सांगा. पलीकडच्या माणसाला नेमकं कुठे बघायचं ते तेवढ्यावरूनच कळतं.